तक्रार टाळ वाजवून सांगायची

(आपल्या दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात, काल्याच्या आदल्या दिवशी दुपारी, मंदिराच्या सभामंडपात झालेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्यातली भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)





मंडळींनी आम्हाला विषय दिला तो 'वारी आणि आजचा काळ'. विषय मोठा आहे आणि आम्ही काही बुवा नाही. कीर्तन आम्हाला येत नाही. चाळीस वाऱ्या झाल्या, मध्ये दोन वर्षं घरी बसलो ती धरायची की नाही यावर घरात अजून वाद आहे. टाळकऱ्याच्या दुसऱ्या रांगेत उभं राहायचं, विणेकऱ्यानं चाल बदलली की आपण बदलायची, एवढीच आमची विद्या. म्हणून काळाबद्दल मोठं काही न सांगता एकच सांगतो. आपण बोलतो कसं, आणि बोललेलं निस्तरतो कसं, एवढंच.

आता बघा, आळंदीहून निघालं की पंढरपूर येईपर्यंत अडीच-तीन आठवडे आपण एकमेकांबरोबर असतो. मुखी नाम आहेच. पण देवाच्या दारात खोटं कशाला बोलायचं, चोवीस तास काही अभंग चालत नाहीत. विसाव्याला टेकलं, पायाची धूळ झटकली, चहाचा पहिला घोट पोटात गेला की माणसं बोलायला लागतात. पावसाचं बोलतात, सोयाबीनला भाव नाही ते बोलतात, मुलाचं लग्न जमत नाही ते बोलतात. शेती करणाऱ्या पोराला मुलगी द्यायला कुणी तयार नाही, हे दुःख आम्ही दिवे घाट चढताना जितक्या जणांकडून ऐकलं तितकं दुसरीकडं कुठं ऐकलं नाही. चढाला दम लागलेला असतो, माणूस तेव्हा खरंच बोलतो.

2024 सालचं सांगतो. 2023 च्या डिसेंबरात केंद्र सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली होती, ती मे महिन्यात उघडली. आपल्या दिंडीत निम्मी माणसं कांदा पिकवणारी. आपण लोणंदला मुक्कामाला होतो. लोणंद म्हणजे कांद्याची बाजारपेठ, तिथं पोचल्यावर दुसरं काय आठवणार. एक जण म्हणाला, कांदा चाळीस झाला की शहरातल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी, आणि आमचा चाळीत सडला तरी कुणी वास घ्यायला येत नाही. आपल्या दिंडीत पुण्याचे एक रिक्षावाले माउली आहेत. ते म्हणाले, माउली, मी रोज पावशेर घेतो, पावशेर. मला चाळीस परवडत नाही, मी काय करू? दोघांचं चांगलं तासभर जुंपलं. आवाज चढले. कोण कुणाला मत देणार हेही निघालं, निवडणूक नुकतीच झाली होती. मग पंगत बसली आणि रिक्षावाल्यांच्या ताटात कांदा नव्हता म्हणून त्याच माणसानं आपल्या पिशवीतला काढला, बुक्कीनं फोडला आणि अर्धा त्यांना दिला. वाद मिटला नव्हता बरं का. दुसऱ्या दिवशी चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, ते संपल्यावर दोघं परत तिथूनच सुरू झाले.

काही थोर मंडळी म्हणतात, वारीत असलं संसारी बोलू नये, बाजारभाव आणि राजकारण आळंदीला ठेवून यावं. त्यांच्या भावनेचा आम्हाला आदर आहे, पण आम्हाला हे पटत नाही. आपले संत काय संसार सोडून बोलत होते का? नाथमहाराजांची भारुडं घ्या. विंचू आहे, गोंधळी आहे, जोगी आहे, बाजारात दिसणारी सगळी माणसं आहेत. रोजच्या जगण्यातलं उचललं आणि त्यातून सांगितलं. तुकोबारायांच्या घरची सावकारी होती. दुष्काळ त्यांनी डोळ्यांनी पाहिला, घरात भोगला. आपल्या वाट्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत सोडली असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. सावकारीविषयी त्यांचं काय मत होतं हे वेगळं विचारायची गरज आहे का?

आणि गाडगेबाबा. आमच्या आजोबांनी चंद्रभागेच्या वाळवंटात त्यांचं कीर्तन ऐकलं होतं. आजोबा सांगायचे, ते कीर्तन म्हणजे नुसती प्रश्नांची फैर. कर्ज काढून सण करता का? दारू पिता का? पोराला शाळेत घालता का? लोकांनी एका आवाजात उत्तर द्यायचं आणि देता देता आपल्याच उत्तरात अडकायचं. हातात खराटा. आधी गाव झाडायचं आणि मग बोलायचं. आजोबा म्हणायचे, बाबांनी विचारलं आणि आम्ही 'नाही' म्हणालो, पण आमच्या घरात तेव्हा लग्नाचं कर्ज होतं, म्हणून ते 'नाही' घशात अडकलं. हे आजोबा मरेपर्यंत सांगत होते.

तेव्हा बोलावं. शेतीचं बोलावं, सरकारचं बोलावं. चार पदरी रस्ता झाला, गाड्यांची सोय झाली, पण सावलीची जुनी झाडं गेली आणि पायाखाली सिमेंट तापतं, हेही बोलावं. पत्रावळी आणि पाण्याच्या बाटल्या आपणच शेतकऱ्याच्या वावरात टाकून येतो, ते तर आधी बोलावं. आमची मतं काय कमी आहेत? पाऊल खेळताना मध्येच थांबून स्वतःचा फोटो काढणारी पोरं दिसली की आमचं डोकं फिरतं. पण आमची नात म्हणते, आजोबा, तो फोटो बघूनच मी यंदा आले. यावर आम्हाला अजून उत्तर सापडलेलं नाही.

आता मुद्द्याचं सांगतो. वारीनं आपल्याला बोलायची एक रीत घालून दिली आहे. वारीला न गेलेल्या गावकऱ्यांसाठी जरा सविस्तर सांगतो, बाकीच्यांनी सोसून घ्यावं.

पालखी मुक्कामाला पोचली की समाजआरती असते. सगळ्या दिंड्या माउलींच्या पालखीभोवती उभ्या राहतात. दिवसभराचे टाळ, मृदंग, सगळा गजर एकाच जागी गोळा झालेला असतो, कानाला कान लावून बोललं तरी ऐकू येत नाही. आणि मग चोपदार दंड उंच करतात. एक आवाज देतात. सगळं शांत होतं. एवढी हजारो माणसं, पण टाळ वाजत नाही, पोर रडत नाही. आमच्या अंगावर अजून दर वर्षी काटा येतो.

पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, काही अडचण असेल, तर त्या दिंडीनं टाळ थांबवायचे नाहीत. सगळे गप्प, आणि एवढी एकच दिंडी टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिथं जातात. काय झालं ते ऐकून घेतात. मार्ग काढायचा तो काढतात. मग ते टाळही थांबतात. पुढं कुणाचं काय हरवलं, काय सापडलं ते पुकारलं जातं, उद्या पालखी किती वाजता निघणार ते सांगितलं जातं, आणि सगळे मिळून आरती म्हणतात.

आमच्या लहानपणी आपल्या दिंडीनं एकदा असे टाळ वाजवले होते. दुसऱ्या एका दिंडीनं आपल्या पालांच्या जागेवर त्यांची बैलगाडी सोडली होती, म्हणून. आमचे वडील पुढच्या रांगेत होते. ते सांगायचे, दिवसभर चालताना आम्ही त्या दिंडीला मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या होत्या की विचारू नका. पण सगळा तळ शांत झाला आणि आपलेच टाळ वाजताहेत, हजारो डोळे आपल्याकडे, तेव्हा हात थरथरायला लागले. मनात आलं, आपली तक्रार खरी आहे ना? एवढ्या लोकांना थांबवण्याजोगी आहे ना? चोपदार येऊन उभे राहिले आणि 'बोला' म्हणाले, तेव्हा तोंडातून निघालं ते एकच वाक्य, जागेचं. शिव्या सगळ्या गळून गेल्या. गाडी हलली. आणि ज्यांची गाडी होती ते रात्री आपल्याकडे पिठलं-भाकरीला होते.

आम्ही पुष्कळ विचार केला की या रितीत एवढं काय आहे. आपल्या जागेवर उभं राहून वाजवायचं असतं. कोण वाजवतंय ते सगळ्यांना दिसतं. ऐकायला एक माणूस चालत येतो. आणि ऐकून झालं की थांबायचं असतं. थांबणं सगळ्यांत अवघड.

आता आमच्या खिशातल्या या यंत्राकडे येऊ. 2020 साली पायी वारी झाली नाही, पादुका एसटीनं पंढरीला गेल्या. दूरचित्रवाणीवर ती गाडी जाताना बघून आमच्या घरातल्यांनी उंबऱ्यावर डोकं टेकवलं. त्याच वेळी आपल्या दिंडीचा मोबाईलवर गट झाला. कल्पना चांगली होती आणि ती आमचीच होती, म्हणून सांगतो. संध्याकाळी सात वाजता प्रत्येकानं आपापल्या घरी हरिपाठ सुरू करायचा, गटावर 'रामकृष्ण हरी' लिहायचं, म्हणजे दिंडी चालू आहे असं वाटेल. पहिले दोन महिने खरंच वाटलं. मग हरिपाठाच्या मागून एकेक निरोप यायला लागला. अमुक काढा घ्या, तमुक घेऊ नका. अमक्या जातीचे, तमक्या धर्माचे लोक असं करतात. कुणी लिहिलं माहीत नाही. कुठलं माहीत नाही. खाली हात जोडलेलं चित्र, म्हणजे पाठवणारा भाविक आहे असं आपण धरून चालायचं.

2021 च्या मार्च महिन्यात साठीच्या वरच्या माणसांना लस सुरू झाली. त्या दिवसांत एका रात्री आम्हाला एक निरोप आला. लस घेतल्यावर म्हाताऱ्या माणसाच्या रक्ताच्या गाठी होतात आणि आठ-दहा दिवसांत माणूस जातो, मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय, आपल्या माणसांना वाचवा. डॉक्टरचं नाव नव्हतं. आम्ही अंथरुणात होतो, चष्मा काढलेला होता, डोळे मिचकावून वाचलं, घाबरलो, आणि बोटानं पुढं ढकललं. दिंडीच्या गटावर. खाली आमच्या पदरचं एक वाक्य लिहिलं, 'सर्वांनी जपून राहावे.' तेवढं एकच आमचं होतं. बाकी कुणाचं होतं ते आम्हाला आजही माहीत नाही.

आपल्या दिंडीचे मृदंगी तुम्हा सगळ्यांना आठवतात. नाव घेत नाही. त्यांचा हात मृदंगावर पडला की थकलेलं पाऊल आपोआप उचलायचं. त्यांचा दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. म्हणाले, आज जाणार होतो लसीला, तुमचा निरोप वाचला आणि राहिलो. तुम्ही पाठवलं म्हणजे विचार करूनच पाठवलं असणार.

माउली, आम्ही विचार केला नव्हता.

पुढचं ऐका. चार दिवसांनी आमचा मुलगा आला, रागावला, आणि मोटरसायकलवर बसवून आम्हाला तालुक्याला घेऊन गेला. आम्ही सुई घेतली. एक दिवस अंग दुखलं, थोडा ताप आला, तिसऱ्या दिवशी शेतावर गेलो. म्हणजे निरोप खोटा होता हे आमच्या स्वतःच्या दंडावर सिद्ध झालं होतं. तरी आम्ही गटावर एक अक्षर लिहिलं नाही. का नाही लिहिलं? लाज वाटली. चार दिवसांपूर्वी 'जपून राहावे' लिहिणारा माणूस आज 'मी घेऊन आलो' कसं लिहिणार? म्हटलं, बघू, भेटल्यावर सांगू. भेट झाली नाही. मे महिन्यात ते गेले. मातीला जायलाही आम्हाला मिळालं नाही, तुम्हाला तरी कुठं मिळालं.

लस घेतली असती तर ते वाचलेच असते असं आम्ही म्हणत नाही. तसं कुणीच सांगू शकत नाही. आम्ही एवढंच म्हणतो की ते लसीला निघाले होते, आणि आमच्या बोटानं ते थांबले.

हे आम्ही तीन वर्षं कुणाला सांगितलं नाही. सांगायची वेळ आली ती सासवडला. त्याची हकीकत सांगतो.

2024 च्या वारीच्या तोंडावर राज्य सरकारनं दर दिंडीला 20,000 रुपये जाहीर केले. घ्यायचे की नाही यावर आपल्या गटावर जे रामायण झालं ते तुम्ही वाचलंच आहे. त्यात किती आपल्या माणसांनी लिहिलेलं होतं आणि किती बाहेरून आणून ओतलेलं होतं, देव जाणे. पैसे नुसते जाहीर झाले होते, आले नव्हते, तरी ते कुणी खाल्ले याची बातमी गटावर आली होती. तीस वर्षं एका राहुटीत झोपणारी दोन माणसं पुण्यात वेगवेगळ्या राहुटीत झोपली. तेव्हा विणेकरीबुवा म्हणाले, सासवडला दोन मुक्काम आहेत, दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे समोरासमोर बसा. मोबाईल पिठाच्या रिकाम्या डब्यात टाका. मध्ये टाळाचा एक जोड ठेवतो. ज्याला बोलायचं त्यानं उठून टाळ वाजवायचा, मग बोलायचं, आणि बोलून झालं की टाळ खाली ठेवायचा. ज्याच्या हातात टाळ नाही त्यानं तोंड उघडायचं नाही.

पहिला टाळ आम्हीच उचलला. आमचं मत होतं, घेऊ नये. शंभर वर्षं ही दिंडी भिशीवर आणि गावोगावच्या अन्नदानावर चालली. कुणाकडून पैसा घेतला की त्याच्याविषयी बोलताना जीभ जड होते. आज या सरकारनं दिला, उद्या दुसरं देईल, मग दिंडीच्या फडक्यावर कुणाचा फोटो लावायचा यावर भांडणं होतील. आम्ही बरंच बोललो, आणि खरं सांगायचं तर आम्हाला वाटलं आम्ही जिंकलो.

एक तरुण उठला. म्हणाला, सरकारचा पैसा म्हणजे काय आकाशातून पडला का? साधा मोबाईल भरला तरी मी कर देतो. माझाच पैसा मला परत मिळतोय. पुण्याचे रिक्षावाले म्हणाले, घ्या, पण हिशोब मंदिराच्या भिंतीवर लावा. एक जण उठला, टाळ वाजवला, आणि काहीच न बोलता खाली बसला. नंतर विचारलं तर म्हणाला, बोलायचं ते चालताना चालताना ठरवलं होतं, सगळ्यांची तोंडं बघून ते बोलावंसं वाटलं नाही. हाच तो, ज्यानं पैसे खाल्ल्याची बातमी पुढं पाठवली होती.

मग मृदंग्यांच्या घरच्या माउली उठल्या. आम्ही त्यांना वहिनी म्हणतो. त्या समोर बसल्या आहेत, आणि हे सगळं त्यांना विचारूनच बोलतो आहे. टाळ कसा धरायचा ते त्यांना माहीत होतं, घरात आयुष्य त्यातच गेलं. त्यांनी एकदाच वाजवला. म्हणाल्या, तुम्ही मानाचं बोलताय, आम्ही न्हाणीचं बोलतो. वाल्ह्याला पहाटे तीनला उठायचं, अंधारात. दोघींनी लुगडं धरायचं, तिसरीनं अंघोळ करायची, आणि समोरून पुरुष माणसं चूळ भरायला जात असतात. तरुण सुना म्हणूनच वारीला येत नाहीत, आणि तुम्ही कीर्तनात विचारता की पुढची पिढी का येत नाही. शंभर वर्षं भिशी आहे. भिशीतून टाळ आले, वीणा आली, ट्रकवर ताडपत्री आली. आमच्या न्हाणीला चार बांबू आणि कापड आलं नाही. ते सरकारच्या पैशातून आलं तर मला काही वाटणार नाही.

टाळ ठेवला आणि बसल्या.

आम्हाला उत्तर नव्हतं. कुणालाच नव्हतं. चाळीस वाऱ्या केल्या, पण बायका अंघोळ कुठं करतात हा प्रश्न आम्हाला एकदाही पडला नव्हता. ठरलं असं की अर्ज करायचा, पैसे आले तर पहिल्यांदा बायकांच्या न्हाणीचा तंबू, आणि आले नाहीत तरी तंबू भिशीतून करायचा, माणशी पन्नास रुपये वाढवून. सरकारी पैशाविषयीचं आमचं मत अजूनही तेच आहे. अर्जावर पहिली सही आमची आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या दोन्ही घेऊन आम्ही पुढं चाललो. वेगवेगळ्या राहुटीत गेलेले ते दोघं त्या रात्री परत एका राहुटीत होते, घोरण्यावरून भांडताना आम्ही ऐकले.

त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. एवढ्या माणसांत ती बाई उठून एवढं स्पष्ट बोलली आणि आपण तीन वर्षं गप्प. पहाटे काकड्याच्या आधी आम्ही त्यांच्याकडे गेलो आणि निरोपाची, सुईची, सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, निरोपाचं मला माहीत होतं. तुमचा निरोप त्यांनी मला चुलीपाशी बसून मोठ्यानं वाचून दाखवला होता. तुम्ही स्वतः घेऊन आलात, हे मात्र माहीत नव्हतं.

आम्ही पाय धरायला वाकलो. त्या मागं सरल्या. म्हणाल्या, माझ्या एकटीच्या कानात सांगून काय उपयोग? जिथं पाठवलं होतं तिथं सांगा.

आम्ही 'हो' म्हणालो. आणि तरी आजपर्यंत सांगितलं नाही. गटावर लिहायला तीनदा घेतलं आणि तीनदा पुसलं. लिहिताना ते फार सारवासारवीचं व्हायचं. शताब्दीच्या मंडळींनी बोलायला बोलावलं तेव्हा वाटलं, टाळ हातात आलाय. ज्यांना ज्यांना तो निरोप गेला होता ते बहुतेक सगळे आज या मंडपात आहेत, आणि जे नाहीत त्यांच्या घरी हा अंक जाईल. म्हणून संपादक मंडळींना विनंती केली आहे की यातलं एकही वाक्य गाळू नका.

तो निरोप खोटा होता. तो आम्ही न वाचता, न विचारता पाठवला. खोटा आहे हे कळल्यावरही मागं घेतला नाही. आज मागं घेतो.

त्या निरोपामुळं तुमच्यापैकी आणखी कुणाच्या घरात कुणी थांबलं असेल, तर ते आम्हाला माहीत नाही. ते सांगायचं असेल, किंवा आम्ही आत्ता बोललो त्यात काही खोटं, काही अर्धवट वाटलं असेल, तर टाळ इथं पायरीवर ठेवतो. हरिपाठाला अजून अर्धा तास आहे. ज्याला वाजवायचा त्यानं वाजवावा. आम्ही इथंच उभे आहोत.

रामकृष्ण हरी.